आधी गोडाऊन, मग काउंटर

गेल्या मे महिन्यात आम्ही गच्चीसाठी दोन खुर्च्या आणि एक गोल टेबल घेतलं. साडेअठरा हजार रुपये मोजले. काउंटरवर विशीचा एक पोरगा होता, गळ्यात ‘इंटर्न’ लिहिलेलं कार्ड. मी विचारलं, “पावसात टिकतील का?” तो म्हणाला, “हो काका, ऑल वेदर आहेत.” आतला सांगाडा कशाचा, असं विचारल्यावर जरा घुटमळला आणि म्हणाला, “मेटलचा.”

मेटलचाच निघाला. लोखंडाचा. गणपती येईपर्यंत खुर्च्यांच्या आठही पायांखाली टाइल्सवर तांबूस गोल उमटले. लिंबू झालं, खायचा सोडा झाला, अजून निघालेले नाहीत. खुर्ची उलटी करून पाहिली. पायाच्या पाइपाला खालून प्लॅस्टिकचं बूच ठोकलेलं आणि बुचाला भोकच नाही. वरच्या विणीतून झिरपलेलं पाणी पाइपात उतरलं, तिथेच साचलं आणि पाइप आतून गंजत गेला. बाहेरचा रंग मात्र नव्यासारखा.

दुकानात गेलो तर तो पोरगा नव्हता. त्याचे दोन महिने संपले होते. पगार किती देत होता, असं सहज विचारलं. उत्तर मिळालं, “पगार कसला? सर्टिफिकेट दिलं ना.”

तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या पोराने मला फसवलं नाही. तो जे विकत होता ते कशाचं आहे, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. दोन महिने रोज आठ-आठ तास उभा राहिला, दुकानाचा माल खपवला, आणि जाताना हातात आलं काय? एक कागद. माझे पैसे बुडाले ते भरून निघतील. त्याच्या उमेदीच्या दोन महिन्यांची मेहनत कशाने भरून निघणार?

यंदा माझी भाची टीवाय बीबीएला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं. इंटर्नशिपचे चार श्रेयांक, एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास. कल्पना चांगलीच आहे. पण मुलांना कागद लागतो, ही गरज बाजाराने ओळखली आणि फुकटचे हात मिळवायचा सोपा रस्ता काढला. भाचीने सेल्सची इंटर्नशिप शोधायला घेतली आणि आठवड्यात तीन निरोप आले.

पहिला असा, की चार हजार भर, किट मिळेल, मग तुझ्याखाली दोन जण जोड. तिला म्हटलं, हा नंबर आत्ताच्या आत्ता ब्लॉक कर. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आणले आहेत. साखळी योजनांना त्यात बंदी आहे आणि विक्रेता म्हणून नाव नोंदवायला प्रवेश शुल्क मागता येत नाही. काम देणारा पैसे देतो. जो मागतो, त्याच्याकडे काम नसतंच.

दुसरा निरोप गोड आवाजात आला. पगार नाही, विक्री झाली तर इन्सेंटिव्ह, आणि सुरुवातीला ओळखीच्या पन्नास जणांचे नंबर दे. म्हणजे मामा, मावशी, शेजारच्या काकू. ओळखीचे पन्नास संपले की मुलगीही संपली आणि कंपनीला नवी मुलगी. याला विक्री शिकणं म्हणत नाहीत. घरातली माया गिऱ्हाईक म्हणून वापरणं आहे हे.

तिसरा निरोप गच्ची-बाल्कनीचं फर्निचर विकणाऱ्या दुकानाचा. महिना आठ हजार, आणि अट एकच: पहिला आठवडा गोडाऊनमध्ये काढायचा. अट ऐकून मी म्हटलं, हेच घे.

ताईच्या कपाळावर आठी. “फर्निचरच्या दुकानात उभी राहणार? एवढं शिकून?” तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांत विक्रीला कायम खालच्या पाटावर बसवलं. मुलगी बँकेत लागली की पेढे, मुलगा दुकानात लागला की ‘सध्या काहीतरी करतोय’. विक्री म्हणजे गिऱ्हाइकापुढे गयावया करणं, असा आपला समज. अहो, समोरच्या माणसाला काय हवंय हे ओळखायचं, आपल्याकडे काय आहे ते खरं सांगायचं आणि दोन्हीचा मेळ बसवायचा, याला अक्कल लागते, कान लागतात, आणि प्रामाणिकपणा तर लागतोच. ज्या शेतकऱ्याला आपला आंबा विकता येत नाही, तो दलालाच्या दारात जातो. हे कोकणात वेगळं सांगायला नको.

तर गोडाऊन. पहिल्या दिवशी मालकांनी तिच्या हातात एक लोहचुंबक दिलं. “सगळ्या खुर्च्यांना लावून ये.” चिकटलं तिथे लोखंड, चिकटलं नाही तिथे बहुतेक अ‍ॅल्युमिनियम, कारण दोन्हींवर पावडर कोटिंगचा रंग सारखाच दिसतो. रंगाला एक ओरखडा गेला की लोखंड गंज धरतं. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही आणि उचलायलाही ते हलकं. स्टेनलेस स्टीलला मात्र चुंबकाची परीक्षा पुरत नाही. २०२ आणि ३०४ या दोन्ही प्रतींना ते सहसा चिकटत नाही, पण २०२ पावसात लवकर डागाळतं. तिथे प्रत लेखी मागायची.

मग वीण. वेतासारखी दिसणारी बहुतेक वीण आता प्लॅस्टिकची असते. त्यातली चांगली एचडीपीईची, उन्हाला टिकेल अशी केलेली. हलकी असेल तर दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तुटते आणि बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना टोचते. अस्सल वेत सुंदर, पण त्याची जागा आडोशाला. उघड्यावर पावसाची झड लागली की बुरशी येते, काळा पडतो. ओळखायची एक सोपी खूण बिलातही आहे. निव्वळ वेताच्या किंवा बांबूच्या फर्निचरवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर १८. ‘निव्वळ वेताची’ म्हणून विकतात आणि बिलात १८ टक्के लावतात, तर समजून घ्या.

सागवान उन्हापावसात रुपेरी करडं होतं. लोक घाबरतात, लाकूड खराब झालं म्हणतात. सागाच्या अंगात तेल असतं, रंग गेला तरी लाकूड टिकतं. तेल लावत राहिलात तर मूळ रंगही बराच राहतो. हे गिऱ्हाइकाला खरेदीच्या वेळीच सांगायचं, तक्रार घेऊन आल्यावर नाही. आणि पायाचं बूच. माझी गोष्ट भाचीने मालकांना सांगितली होती. त्यांनी खुर्ची उलटी करून तिला दाखवलं, “हे बघ भोक, पाणी इथून जातं. प्रत्येक खुर्ची गाडीत चढवण्याआधी बघायचं.”

आठव्या दिवशी ती काउंटरवर आली. त्या आठवड्यात एक मुलगा आपल्या आईला घेऊन आला होता. त्याला तो बुटका, ऐसपैस सोफा हवा होता, गच्चीत हल्ली सगळीकडे दिसतो तसला. भाचीने आजींना आधी बसवलं आणि मग उठायला सांगितलं. आजींना उठता येईना. बसायची उंची जेमतेम फूटभर. भाचीने त्यांना हाताची, दीड फूट उंच बैठकीची साधी अ‍ॅल्युमिनियमची खुर्ची दिली. आजी हातावर भार देऊन उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. बासष्ट हजारांची विक्री चौदा हजारांवर आली. संध्याकाळी तिने भीत भीत मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर केलंस.” दुसऱ्या दिवशी रत्नागिरीचं एक कुटुंब आलं. समुद्राजवळ घर. त्यांना तिने ३०४ ऐवजी ३१६ घ्यायला सांगितलं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते जास्त तग धरतं. महाग आहे, हेही सांगितलं. त्यांनी अर्धंच सामान घेतलं, पण ३१६चं घेतलं.

रात्री मला फोन. “मामा, मला विकता येतं रे!” तिच्या आवाजातला तो आनंद कुठल्या सर्टिफिकेटवर छापून येणार?

आता सरकार आणि कॉलेजांबद्दल. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी उत्तीर्णांना महिना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार विद्यावेतन ठरलं. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षीची, सुरुवातीला महिना ५ हजारांची. दोन्हींचं स्वागतच आहे. पण दोन्ही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आखलेल्या नव्हत्या. जी मुलं आज पूर्णवेळ शिकतायत आणि ज्यांना १२० तास भरायचेत, त्यांचा वाली कोण? कॉलेज. आणि बऱ्याच कॉलेजांचा वाटा कागदावर शिक्का मारण्यापुरता. माझी मागणी साधी आहे. विद्यावेतन नाही, शिकवणारा माणूस नाही, अशा ठिकाणचे तास कॉलेजने धरूच नयेत. एकदा दोन-चार दुकानांचे कागद परत गेले की बाजार आपोआप शहाणा होईल.

दुकानदारांनाही हात जोडून सांगतो. पोराला आठ हजार देणं जड वाटतं? गंजलेल्या खुर्चीसाठी परत आलेलं एक गिऱ्हाईक त्याहून महाग पडतं. मी परत कधी त्या दुकानाची पायरी चढलो नाही, आणि आमच्या सोसायटीत बत्तीस बिऱ्हाडं आहेत.

वाचकहो, पावसाळ्याआधी गच्चीसाठी खुर्ची घ्यायला जाल तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा, खुर्ची उलटी करून बुचाचं भोक बघा. आणि काउंटरवर इंटर्नचं कार्ड गळ्यात घातलेलं मूल दिसलं तर त्याला हळूच विचारा, बाळा, तुला पगार देतात का? नाही म्हणालं, तर दुसऱ्या दुकानात जा.