किल्ला आप्पांचा, घोळ गाऊनचा

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांची तिथली दोनशे वर्षांची सत्ता संपली. हल्ली त्याच किल्ल्यात जोशी-पाटलांच्या भावी सुना भाड्याच्या गाऊनची लांबलचक शेपटी सावरत फिरतात. प्री-वेडिंग! मागे पडक्या चर्चची कमान हवीच. आप्पांचा घोड्यावरचा पुतळा मात्र फ्रेममध्ये नको.

गंमत अशी, की हा पांढरा गाऊन पोर्तुगीजांचाही नव्हे. त्याची टूम पसरली ती १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणी पांढऱ्या पोशाखात बोहल्यावर चढल्यावर. तोवर पोर्तुगीजांना वसई सोडून शतक उलटलं होतं. इथल्या सामवेदी ख्रिस्ती बायकांनी तर धर्म बदलूनही लाल लुगडं सोडलं नाही. आता नाती चर्चमध्ये गाऊनात उभ्या राहतात आणि आजीचं लुगडं पेटीतून निघतं ते सांस्कृतिक कार्यक्रमाला, नाचापुरतं.

नवरात्रात अख्खं विरार चनियाचोळीत. तेव्हा संस्कृती बुडत नाही. ती बुडते फक्त शेजाऱ्यांच्या मुलीने गाऊन घातल्यावर.

अस्सल मराठीपणाची हौस असणाऱ्यांसाठी शिवलेली नऊवारी आहेच. पाय घाला, चेन ओढा, निघा.