वाळवणाच्या कडेने

खुडूक बसलेल्या कोंबडीखाली मी राजहंसाची पाच अंडी सरकवली, तेव्हा तिने एकदाच मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. तिचं स्वतःचं अंडं ५०-६० ग्रॅमचं. ही एकेक दीडशेच्या घरातली. ती त्यांच्यावर बसली खरी, पण स्टुलावर चढून बसल्यासारखी दिसत होती.

आमच्याकडे राजहंस म्हणतात तो पांढरा, लांब मानेचा आणि परक्या माणसावर फुत्कारत धावून जाणारा पक्षी. नाव ऐकून पाहुणे सरस्वतीचं वाहन बघायला येतात आणि पोटरीला चिमटा घेऊन जातात. ‘हे तर बदक!’ असंही जाताजाता ऐकवतात. त्यांना मी सांगतो, की आपला ‘हंस’, लॅटिनमधला ‘आन्सर’ आणि जर्मनांचा ‘गान्स’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज, आणि परदेशातले ते दोघे नेमके याच जातीचे. पोटरी चोळणाऱ्या माणसाला व्युत्पत्तीत रस नसतो, ही गोष्ट वेगळी.

कोंबडी आपली अंडी चोचीने उलटीपालटी करत असते. ही तिला हलेनात. म्हणून दिवसातून तीनदा ते काम मी करू लागलो; चूक होऊ नये म्हणून पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. “अंड्यांशी फुलीगोळा खेळताय की काय?” हिने विचारलं. आठव्या रात्री अंधारात बॅटरी लावून बघितलं. तिघांत लाल शिरांचं जाळं दिसलं, दोघांत नुसताच पिवळा उजेड.

कोंबडीच्या घराण्यातला करार २१ दिवसांचा. राजहंसाला २८ ते ३० लागतात. बाविसाव्या दिवशी ती चुळबुळू लागली, पंचविसाव्या दिवशी उठली, अंग झाडलं आणि परसात निघून गेली. तिला काय बोलणार? मग खोका, चाळीसचा पिवळा बल्ब, थर्मामीटर, दमटपणासाठी वाटीभर पाणी. ३७.५ अंशांवरून पारा जरा हलला की माझाही हलायचा. रात्री वीज गेली की आईच्या गुडघ्यांची शेकायची पिशवी अंड्यांच्या कामी लागायची.

तिसाव्या दिवशी एका अंड्यातून आवाज आला. बाहेरून अजून अख्खं, आणि आतून कुणीतरी बोलतंय! संध्याकाळी कवचाला टिकलीएवढी चीर पडली. मग रात्रभर काही नाही. अशा वेळी मदत करायची नसते. आतल्या पडद्यातलं रक्त अजून आटायचं असतं, उरलेला बलक पिल्लाच्या पोटात शिरत असतो. घाईने कवच सोललं तर पिल्लू जातं. घरकामात मदत करत नाही हा ठपका मी तीस वर्षं सोसला. इथे मदत न करणं हेच काम होतं, तर ते काही जमेना. शेवटी हिने चिमटा लपवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेर पडलं. ओलं, मळकट पिवळं, डुगडुगत्या मानेचं. मान सावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी “काय रे?” म्हणालो. एवढंच. रात्रीपर्यंत बाकीचे दोघेही आले, आणि मी तिघांची आई झालो होतो.

कॉनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं मार्टिना नावाच्या रानहंसिणीशी असंच जुळलं होतं. त्याला पुढे १९७३ साली नोबेल मिळालं. मला आंघोळीपुरती फुरसतही मिळेना. न्हाणीचं दार लावलं, की बाहेर तिघांचा आकांत. वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात म्हणून गोणपाट अंथरलं. घमेल्यात पोहायला सोडलं तर ओल्या बोळ्यासारखी झाली. पिल्लांच्या लवेला आईच्या पिसांतलं तेल लागतं म्हणतात. माझ्यापाशी खोबरेल तेवढं होतं. कोवळ्या गवतावर मात्र तिघं शेळीसारखी तुटून पडायची.

ते दिवस वाळवणाचे. अंगणभर फणसाचे पापड आणि कुरडया. सरळ घरात शिरलो तर तीन जणांची वरात त्यावरूनच येणार, म्हणून परसातून येताना मी तुळशीला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने पायरीशी यायचो.

मार्टिनाच्याही अशाच एका वळशाचा किस्सा लॉरेन्झने लिहून ठेवला आहे. पहिल्या खेपेला ती घाबरून आधी खिडकीकडे धावली आणि मग जिना चढली. पुढे रोज वर जाताना खिडकीकडचा तो वळसा ठरून गेला. एकदा अंधार पडल्यावर ती घाईत थेट जिन्यावर गेली, पाचव्या पायरीवर दचकून थांबली, खाली उतरली, खिडकीकडे जाऊन आली आणि मगच वर गेली. आमचे काका कुलूप ओढून बघायला कोपऱ्यावरून परत येत, तशी.

आता पावसाळा आहे. पापड डब्यात गेले. तिघं माझ्या कमरेला लागतात आणि पोस्टमन फाटकाबाहेरूनच हाक मारतो. काल संध्याकाळी पावसाची सर आली म्हणून मी रिकाम्या अंगणातून सरळ पायरीकडे धावलो. मागून गिल्ला झाला. तिघं तुळशीपाशी माना ताणून, भिजत उभी. मी परत गेलो, वळसा घातला, भिंतीच्या कडेने आलो; मागून ती आली.

ही दारात टॉवेल घेऊन उभी होती. “पापड तर उचलले ना मी?” म्हणाली.