रसाचार्य नाना

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक तक्रारखोर असतो आणि एक रसाचार्य असतो. पहिली दोन पदं कधीकधी एकाच माणसाकडे असतात. तिसरं मात्र पूर्णवेळ आहे. त्याला निवडणूक लागत नाही. साठी उलटलेली, पेन्शन सुरळीत, रक्ताच्या रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापलेला आणि हातात मोबाइल, एवढ्या पात्रतेवर नेमणूक आपोआप होते.

आमच्याकडे हे पद नानांकडे आहे. नाना पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे शरीर म्हणजे कालवा, हा त्यांचा मूलभूत सिद्धांत. "अरे, आपण वर्षानुवर्षं आत नुसतं सोडत राहतो. गाळ काढतो का कधी? डीटॉक्स डीटॉक्स म्हणतात ते दुसरं काय आहे?" गाळ काढायला यकृत आणि मूत्रपिंडं अशी दोन खाती शरीरात कायम नेमलेली आहेत आणि ती रात्रंदिवस, सुट्टी न घेता काम करतात, असं मी म्हणून पाहिलं. नाना हसले. एखादं खातं कंत्राटदाराशिवाय काम करतं, यावर एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर त्यांचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. काकू आतून म्हणाल्या, "खात्यात असताना गाळाची फाइल वर्षभर टेबलावर पडायची. आता पहाटे पाचला मिक्सर सुरू होतो."

मिक्सर घरचा, पण दीक्षा तळजाईच्या पायथ्याशी मिळालेली. टेकडी उतरून आलं की स्टीलच्या पिंपांची रांग लागते आणि प्रत्येक पिंपावर पाटी. कारलं-जांभूळ : मधुमेह. दुधी : हृदय. कोहळा : पित्त. गव्हांकुर : रक्तवाढ. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा बरा करून देतो अशा जाहिरातींना केंद्राच्या १९५४च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा पहाटे साडेसहाला उठत नाही, आणि नाना उठतात. ते तिथले नुसते गिऱ्हाईक नाहीत, विश्वस्त आहेत. नवखा माणूस पाट्या वाचत घुटमळला की नाना पुढे होतात, "काय त्रास आहे?" आजवर 'काहीच नाही' असं उत्तर देऊन त्यांच्या हातून कोणी सुटलेलं नाही. "आत्ता नाही. पुढे?" असा त्यांचा प्रतिप्रश्न असतो. सगळ्यांना रस पाजून झाला की रसवाला टपरीवर जाऊन बिस्किटाबरोबर चहा पितो. नानांच्या मते ही त्याची त्यागी वृत्ती.

नानांचा रसप्रवास गव्हांकुरापासून सुरू झाला. बाल्कनीत सात ट्रे, सात वारांचे. "हे म्हणजे हिरवं रक्त," नाना सांगत. "क्लोरोफिल आणि हिमोग्लोबिन, रचना जवळजवळ तीच! मध्ये फक्त लोहाऐवजी मॅग्नेशियम." हे अर्धं खरं आहे, आणि यातला 'फक्त' फार महागात पडतो. लोहाशिवाय हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, आणि पोटात मॅग्नेशियम काढून लोह बसवून देणारा कुणी कारागीर नाही. रक्त कमी असेल तर लोह लागतं, हिरवा रंग नाही. पण नानांचा पुढचा मुद्दा तयार असे, "आपल्या ऋषिमुनींना हे ठाऊक होतं!" आजच्या गव्हांकुर उपचाराचे ऋषी तसे अलीकडचे आहेत. १९३०च्या सुमारास अमेरिकेतल्या चार्ल्स श्नाबेल नावाच्या कृषी रसायनतज्ज्ञाने कोवळं गवत कोंबड्यांना घातलं, त्या जोमाने अंडी देऊ लागल्या आणि तो गवताचा प्रचारक झाला. पुढे बॉस्टनच्या ॲन विगमोर यांनी त्या रसाला सर्व रोगांवरच्या उपायाची गादी दिली. नानांच्या ट्रेमधला अर्धा गहू सोसायटीच्या कबुतरांनी खाल्ला. कबुतरं ठणठणीत आहेत, पण ती आधीही होती.

मग आली नोनी. ती एका मेव्हण्यासोबत आली. तो नुकताच कसल्याशा साखळी योजनेत 'सिल्व्हर' झाला होता आणि त्याला 'गोल्ड' व्हायचं होतं. पॅसिफिक बेटांवरचं दिव्य फळ, एका बाटलीची किंमत ऐकून काकूंनी पंखा लावला. हे दिव्य फळ आपल्याकडे बारतोंडी म्हणून ओळखलं जातं. किनारपट्टीवर ते आपोआप उगवतं, पूर्वी त्याच्या मुळांपासून लाल रंग काढत, आणि पिकलेल्या फळाला असा वास येतो की गुरंसुद्धा विचार करतील. पहिल्या दिवशी बाटली उघडली तेव्हा काकूंनी फ्रिजमागे मेलेला उंदीर शोधला. नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडं अधू असतील किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते शरीरात साठून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. नानांना नेमक्या तशाच गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता?" नाना म्हणाले, "छे, औषध असं काही नाही." कारण नानांच्या लेखी ते नैसर्गिक होतं. शेवटी बाटली काकूंनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. खोलीत ती उघडावी लागली नाही. झाकण सैल होतं.

त्यानंतर नाना आकड्यांकडे वळले. अभियंत्याला आकडा लागतोच. खात्यातल्यासारखं एक मोजमाप पुस्तक त्यांनी घातलं आणि प्रत्येक फळापुढे त्याची अँटिऑक्सिडंट शक्ती लिहिली. ब्राझीलच्या असाईला किती, चीनच्या गोजीला किती, शेवटी बिचारं आपलं केळं. ही यादी मूळ अमेरिकेच्या कृषी खात्याची. परीक्षानळीत एखादा पदार्थ किती ऑक्सिडीकरण रोखतो त्याचा तो आकडा. परंतु नळीत जे घडतं ते शरीरात तसंच घडतं याला पुरावा नाही, आणि कंपन्या आकडे जाहिरातींत मिरवत आहेत, हे पाहून खात्याने २०१२ मध्ये ती यादी स्वतःच मागे घेतली. हे मी नानांना सांगितलं. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मागे घेतली म्हणजे दबाव आला असणार. मी खात्यात होतो."

आटपाडीच्या भाच्याने डाळिंबांची क्रेट पाठवली, तेव्हा नानांनी हृदयाच्या सगळ्या वाहिन्या साफ करण्याची निविदाच काढली. डाळिंब उत्तम फळ आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्याकडून काय काय करून घ्यायचं यावर. पॉम वंडरफुल या अमेरिकी कंपनीने डाळिंबाच्या रसाने हृदयविकार आणि प्रोस्टेटचा कर्करोग टळतो किंवा बरा होतो, अशा अर्थाच्या जाहिराती केल्या. तिथल्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. कंपनी लढत लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१६ मध्ये त्या न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. आमच्याकडे नानांचा दावा ऐकायला न्यायालय नव्हतं, काकू होत्या. त्यांनी अर्धी डाळिंबं दहीभातावर घालून संपवली.

गंमत म्हणजे नानांच्या वहीतल्या सगळ्या रसांत थोडाफार पुरावा पदरी असलेला एक रस होता : बिटाचा. त्यातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. थोडाच, गोळी बंद करण्याइतका नाही. पण नानांनी नेमका तोच सोडला. पहिला पेला घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे लघवी लाल दिसली, नानांनी मृत्युपत्राची फाइल काढली आणि तशाच अंधारात मला गाडी काढायला लावली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "काल बीट खाल्लंत का?" नाना परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. वहीत बिटापुढे शेरा पडला : 'काम असमाधानकारक'.

दुधीच्या बाबतीत मात्र विनोद जरा बाजूला ठेवावा लागतो. एका सकाळी दुधीचा रस कडूजहर निघाला आणि नाना खूश झाले. कडू ते औषध, ही त्यांची श्रद्धा. पेला पुन्हा तोंडाला लागणार तेवढ्यात काकूंनी तो हिसकावून बेसिनमध्ये ओतला. त्यांनी दुधी चिरताना तुकडा चाखायची सवय आईकडून घेतली होती. त्या दिवशी नानांनी तो परस्पर मिक्सरमध्ये घातला होता. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे उलट्या होतात, रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो. २०१० मध्ये दिल्लीत एका वैज्ञानिकाचा दुधी-कारल्याचा मिश्र रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, की दुधी आधी चाखा, कडू असेल तर टाकून द्या आणि दुसऱ्या रसात मिसळू नका. कारल्यात मिसळला तर कडू कोण ते कळणार कसं? टेकडीखालच्या पिंपातला दुधी कुणी चाखला होता, हे नानांनी कधी विचारलेलं नाही.

रस काढला की चोथा उरतो. नानांच्या शास्त्रात चोथा म्हणजे गाळ, फेकून द्यायचा. काकूंच्या शास्त्रात अन्न फेकणं पाप. त्यामुळे गाजराचा, दुधीचा, पालकाचा सगळा चोथा गेली काही वर्षं थालीपिठात जातो आणि ती थालीपिठं काकू खातात, कारण नाना सकाळी रसाशिवाय काही घेत नाहीत. तंतू चोथ्यात राहतात, साखर रसात उतरते. संत्र्याच्या एका मोठ्या पेल्याला तीन-चार संत्री लागतात. ती सोलून खायला बसलं तर दुसऱ्यालाच पोट भरतं, पिताना कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखर कमी करायला सांगितलं, तेव्हा फळांच्या रसातली साखरही त्याच हिशेबात धरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४चा सल्लाही तोच : रसापेक्षा अख्खं फळ खा. यंदाच्या तपासणीत काकूंची साखर जागच्या जागी होती, नानांची वर सरकली होती. एका जोडप्यावरून काही सिद्ध होत नाही. पण नानांनी आजवर जे जे सिद्ध केलं, ते याहून कमी माणसांवरून केलं आहे.

तरीही नाना एकंदरीत तब्येतीने खणखणीत आहेत. त्याचं कारण शोधायला वही लागत नाही. रस प्यायचा म्हणून ते रोज टेकडी चढतात. टेकडीवर मित्र भेटतात, वाद होतात, दमसास वाढतो. साडेसात वाजता जेवतात, दहाला झोपतात, तंबाखू नाही, दारू नाही. हे सगळं फुकट होतं, म्हणून त्यावर त्यांचा विश्वास नाही. सगळं श्रेय तीस रुपयांच्या पेल्याला जातं.

म्हणून, तुमच्या सोसायटीतल्या नानांनी पेला पुढे केला तर एवढं करा. दुधी असेल तर आधी जिभेवर ठेवून पाहा. साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील, तर कुठला रस घेता ते डॉक्टरांना सांगा. 'नैसर्गिक आहे' म्हणून लपवू नका. फळ दातांनी खा, दात त्यासाठीच आहेत. टेकडी मात्र नानांबरोबर जरूर चढा. आणि अगदीच रस प्यावासा वाटला, साखरेचं दुखणं नसेल, तर उन्हाळ्यात कधीतरी रसवंतीवर बसून आलं-लिंबू घातलेला उसाचा प्या. तो औषध म्हणून प्यायचा नसतो, आणि लागतोही छान.