सोमवारपासून नक्की! : तंदुरुस्तीची नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका हिंजवडीत नऊ तास खुर्चीत, दोन तास वाहतुकीत आणि उरलेली संध्याकाळ 'आज फार दमलो बुवा' म्हणत सोफ्यावर बसणाऱ्या पुणेकरांसाठी आहे. इतर गावच्या बसणाऱ्यांनीही लाभ घ्यावा. पूर्वानुभवाची अट नाही. पोट सुटलेले असल्यास उत्तम. सुटलेले नसल्यास 'मला काय गरज' या समजुतीचा समाचार पाचव्या पायरीत घेतला आहे.

पायरी १ : मुहूर्त

व्यायाम मंगळवारी सुरू करू नये. सोमवारच लाभतो. हा सोमवार हुकल्यास पुढचा. तो महिनाअखेरीस येत असल्यास एक तारीख. एक तारखेला कुणाचे लग्न निघाल्यास थेट गुढीपाडवा. मधल्या अडचणी ध्यानात ठेवाव्यात. मे महिन्यात आंबे असतात, पावसाळ्यात भजी, गणपतीत मोदक, नवरात्रात उपास (म्हणजे साबुदाण्याची खिचडी), दिवाळीत फराळ, थंडीत हुरडा. यातून एखादा सोमवार मोकळा सापडलाच, तर त्या दिवशी पाहुणे बोलवावेत.

पायरी २ : साहित्य

चालायला पाय पुरतात असे जुने लोक समजत. आता बूट, घाम टिपणारा टी-शर्ट, पावले मोजणारे घड्याळ आणि किती वाजेपर्यंत किती पाणी प्यायचे याच्या खुणा असलेली बाटली एवढे किमान लागते. खरेदी बसल्या जागी मोबाइलवरून करावी. जिमचे पैसे वर्षाचे एकदम भरावेत. महिन्याचे भरले तर न गेल्याची चुटपुट बारा वेळा लागते. वर्षाचे भरले तर एकदाच.

पायरी ३ : गुरू

आहाराचा सल्ला देणाऱ्या गुरूंच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात : दिवसातून दोनदाच खा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात : घरचे, आपल्या मातीतले खा, तुपाला घाबरू नका, दर दोन तासांनी थोडे थोडे खा. नवशिक्याने कुणालाच दुखवू नये. दुपारी दीक्षितांना स्मरून पंचावन्न मिनिटे अखंड जेवावे आणि तिथून पुढे दिवेकरांना स्मरून दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकावे, तुपासह. शरीर हलवा, हे मात्र दोघांनाही मान्य आहे. मतभेद नसल्यामुळे त्या मुद्द्यावर वाद घालता येत नाही. सबब तो वगळावा.

पायरी ४ : टेकडी

पुण्यात राहून टेकडी टाळता येत नाही. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती यांपैकी घरापासून सर्वांत लांबची निवडावी आणि तिथवर गाडीने जावे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्याचे दिवसभर सांगता येते. स्वतःच्या इमारतीचे तीन मजले मात्र लिफ्टनेच उतरावेत, कारण जिन्यात ओळखीचे कुणी भेटत नाही.

टेकडी उतरल्यावर अमृततुल्य गाठावे. चहाबरोबर क्रीमरोल घ्यावा, 'चढून आलोय' हे कारण पुढे करून मिसळीकडे वळावे. इथे थोडे गणित आड येते : पाऊण तास भरभर चालून साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. हे गणित रिकाम्या पोटी करू नये. रविवारी सिंहगड. गाडी वरपर्यंत जाते. कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही तिथेच मिळते.

पायरी ५ : मोजमाप

रोज दहा हजार पावले व्हायलाच हवीत, असे घड्याळ सांगेल. हा आकडा मूळचा वैद्यकातला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले; त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडला नाही. ही माहिती धोकादायक आहे, कारण एवढे चालणे जमण्यासारखे आहे.

आता सडपातळ मंडळींसाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळ्या दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी लपून बसते, ती अशी. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही घ्यावी. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर ओलांडत असेल, तर भारतीयांसाठी ती मधुमेहासारख्या आजारांच्या धोक्याची खूण मानतात. मोजताना श्वास आत ओढल्यास आकडा सुधारतो.

पायरी ६ : आहार

पाकिटाची पुढची बाजूच वाचावी. तिथे गव्हाच्या लोंब्या, हिरवे पान आणि 'मल्टिग्रेन' असते. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. तिथे पहिलेच नाव मैद्याचे निघाले तर उगाच मन खट्टू होते. रात्री अ‍ॅपवरून बर्गर मागवावा, सोबत बिनसाखरेचे पेय. लिफ्ट बंद असल्यास पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढू द्यावे. आपल्या जेवणासाठी कुणीतरी व्यायाम केला, हे समाधान थोडे नाही.

इशारा

काही लोक या पायऱ्या सोडून भलत्याच वाटेने जातात. भाजी आणायला पायी जातात, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालतात, रात्री जेवून वीस मिनिटे सोसायटीला फेऱ्या मारतात, पोट भरले की ताट बाजूला सारतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे थोडा दम लागेल अशी हालचाल करायला सांगते. आठवड्यात १०,०८० मिनिटे असतात, म्हणजे ही मागणी जेमतेम दीड टक्क्याची आहे. ती या लोकांची नकळत पुरी होते. मित्रांत सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही उरत नाही, आणि घड्याळवाल्यांचाही त्यांच्यापासून काही फायदा नाही.

भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीने दिला आहे. तेव्हा या मार्गदर्शिकेतल्या सहाही पायऱ्या विसरल्यात तरी चालेल. इशारा तेवढा पाळा आणि आता उठा. बसून वाचण्यासारखे यापुढे काही नाही.