मोजणीदार

भूमी अभिलेख खात्यात शेताच्या हद्दी मोजणाऱ्या कर्मचाऱ्याला मोजणीदार म्हणतात; प्रस्तुत लेखात मात्र ही संज्ञा रायपूर-भिलाईच्या मराठी मंडळींत हमखास आढळणाऱ्या एका निराळ्या गृहस्थासाठी योजली आहे, जो कार्यालयातील सहकारी, कॉलनीतील शेजारी आणि महाराष्ट्र मंडळाचे सभासद यांना गोळा करून वर्षातून निदान दोनदा एखाद्या जलाशयाच्या काठी नेतो, तेथे त्यांची मोजदाद करतो, आणि मोजदाद जुळली की त्यांना परत आणतो. सहलीचा हेतू हवापालट हा असतो, अशी इतरांची समजूत असते. मोजणीदाराच्या लेखी सहल ही मुळात एक संख्या असून हवा, पाणी, झाडी वगैरे बाबी त्या संख्येच्या सोयीसाठी निसर्गाने पुरवलेल्या असतात.

या वृत्तीचे मूळ शोधू गेल्यास इतिहासात थोडे मागे जावे लागते. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरले, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला, आणि त्यांच्या मागे आलेल्या सुभेदारांपैकी विठ्ठल दिनकर यांनी १७९० मध्ये जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले व दर परगण्यावर कमाविसदार, म्हणजे वसुली करून हिशेब वर पाठवणारा अधिकारी, नेमला. ज्या प्रदेशाचे नावच छत्तीस गढांवरून पडले असे मानतात तेथे नव्या व्यवस्थेत परगणे भरले अवघे २७. मराठी माणसाच्या मोजणीत काही तरी कमी भरण्याची आणि तरीही वही जुळलेली दाखवण्याची परंपरा या मुलखात तेव्हापासूनची आहे, असे अनुमान काढण्यास जागा आहे. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, कमाविसदार गेले; रायपूरच्या तात्यापारा वस्तीतील वाडे राहिले, पुढे १९३५ मध्ये महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, आणि वसुलीची वही सहलीच्या कामी आली.

सहलीच्या वसुलीला बोलीभाषेत ‘काँट्री’ म्हणतात. ‘काँट्रिब्यूशन’ या शब्दाचे हे झिजलेले रूप असून शब्द जितका झिजला आहे तितकीच रक्कमही देणाऱ्याच्या हातून निघताना झिजते. मोजणीदार प्रथम व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलो गंगरेल’ या नावाचा ग्रुप काढतो, दिनांक जाहीर करतो आणि होकार मागवतो; त्यावर येणाऱ्या उत्तरांचे त्याने दीर्घ अनुभवान्ती केलेले वर्गीकरण अभ्यासकाच्या कौतुकास पात्र आहे. ‘बघतो’ म्हणजे येणार नाही. ‘सांगतो’ म्हणजे येणार नाही, आणि तसे सांगणारही नाही. ‘घरी विचारून कळवतो’ म्हणजे घरी विचारलेले नाही व विचारण्याचा विचारही नाही. ‘माझं पक्कं समज’ असे म्हणणारा बहुधा येतो, पण सोबत साडू, साडूची बायको आणि नागपूरहून सुट्टीला आलेली भाची यांना घेऊन येतो, त्यामुळे त्याचे ‘पक्कं’ हे सर्वांत धोक्याचे. नुसता अंगठ्याचा शिक्का टाकणाऱ्याविषयी मोजणीदार वहीत काहीच लिहीत नाही. त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब देतो.

पैसे जमा होण्याची रीत समजून घेण्यासाठी धमतरी जिल्ह्यातील माडमसिल्लीचे धरण उपयोगी पडते. १९२३ मध्ये पुरे झालेल्या या धरणाच्या सांडव्याला वक्रनलिका, म्हणजेच सायफन, बसवलेले आहेत. पाण्याची पातळी एका ठरावीक रेषेपर्यंत येईतो त्यांतून पाणी पडत नाही, आणि ती रेषा गाठली की कोणी दार न उघडताही पाणी आपोआप ओढले जाऊन जोराने बाहेर पडू लागते. काँट्रीचे अगदी असेच आहे. पंधरा दिवस आठवण, विनंती आणि जाहीर यादी यांपैकी कशानेही काही हलत नाही. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास कोणी तरी एक जण पैसे पाठवून त्याचे चित्र ग्रुपवर टाकतो, आणि मग अर्ध्या तासात मोजणीदाराचा फोन सारखा टिंगटिंग करत राहतो. त्या अर्ध्या तासात त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते पुढे गंगरेलचे पाणी पाहूनही दिसत नाही; अर्थात ते पाणी तो पाहत नाही, हा भाग पुढे येईलच.

रायपूरच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर महानदी अडवून बांधलेल्या आणि १९७८-७९ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या गंगरेल धरणाचे अधिकृत नाव रविशंकर सागर असे असून ते मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्यावरून दिलेले आहे. धरणात सुमारे ३२ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. हे पाणी शेतीला जाते, भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते, आणि उरलेल्यावर शनिवार-रविवारी नावा चालतात. काठावर बरदिहा येथे पर्यटन मंडळाच्या कॉटेजांची रांग आहे, धक्का आहे, वेगाने फेऱ्या मारणाऱ्या बोटी आहेत, आणि अंगारमोती मातेचे मंदिर आहे. ही देवी बुडितात गेलेल्या गावातून वर आणून बसवलेली आहे, आणि तिच्यापुढे नारळ फोडताना सहलीतल्या वडीलधाऱ्या बायका क्षणभर गप्प होतात. पाण्याखाली बावन्न गावे गेल्याचे तेथील लोक सांगतात. मोजणीदारालाही हा आकडा पाठ आहे, पण तो सांगताना त्याचाही आवाज जरा खाली येतो, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

प्रस्थानाची वेळ पहाटे सहा, स्थळ जयस्तंभ चौक, अशी घोषणा असते; गाडी सात वाजून चाळीस मिनिटांनी हलते. वाहन बहुधा टेंपो ट्रॅव्हलर असते, म्हणजे पुढून टेंपो, आतून बस आणि मागच्या बाकावर घुसळण, असे तीन गुण एकत्र असलेली गाडी. मोजणीदार दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा राहतो आणि उजव्या हाताची तर्जनी बाकाबाकावरून फिरवत ओठांतल्या ओठांत मोजतो. या वेळी त्याच्याशी बोलणे हा गुन्हा असतो आणि तो गुन्हा नेमका त्याच वेळी घडतो. ‘भाऊ, माझी पिशवी वर ठेवून देता का?’ असे मागून कोणी काकू विचारतात, सतरावर आलेली तर्जनी हवेत थांबते, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. अभनपूरला चहा, कुरूदला पोहे-जिलबी, आणि धमतरीला मागच्या बाकावरच्या एका पोराला होणारी उलटी, हे तीन थांबे ठरलेले असून प्रत्येक थांब्यानंतर मोजणी अटळ असते. ‘कोण राहून गेलं?’ या त्याच्या प्रश्नाला ‘सगळे बसून राहिले ना जी, चला तुम्ही,’ असे वैदर्भी वळणाचे उत्तर मिळते. चार पिढ्या रायपुरात काढलेल्या मराठीत नागपूर अजून बसून राहिले आहे.

धक्क्यावर पोहोचल्यावर मोजणीदाराच्या कार्याला खरा बहर येतो. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला नारिंगी रंगाचे, पाण्यात तरंगते ठेवणारे बिनबाह्यांचे जाकीट घालावे लागते, ज्याला लाइफ जॅकेट म्हणतात. त्याचे पट्टे कोणालाच लागत नाहीत, आणि साहेबांच्या पोटावर तर दोन टोकांची भेटच होत नाही. मोजणीदार पट्टे ओढतो, माणसे मोजतो, जाकिटे मोजतो, दोन्ही आकडे जुळवतो आणि बोट सोडतो. तो स्वतः बसत नाही. त्याच्या एका खांद्यावर चार पर्स, दुसऱ्यावर डब्यांची पिशवी, खिशांत सहा मोबाइल, पायांशी अकरा जोडी चपला आणि हातात कोणाच्या तरी सासऱ्यांची कवळीची डबी असते. बोट वळण घेते, पाणी उडते, बाया-पोरे किंचाळतात. मोजणीदार मात्र पाण्याकडे पाठ करून वाहनतळाकडे पाहत असतो, कारण दुसऱ्या तुकडीतले तीन जण भेळेच्या गाडीकडे सरकलेले त्याला दिसलेले असतात. अशा रीतीने एकाच जलाशयाच्या काठी अनेक वर्षे जाऊन तो जलाशय न पाहिलेला माणूस ही रायपूरची सहलशास्त्राला देणगी मानावी लागेल.

बेट हा मोजणीदाराचा आदर्श होय, कारण काठावरून माणूस कुठेही पांगू शकतो, पण चारही बाजूंनी पाणी असले की संख्या कोंडलेली राहते. रायपूर-बिलासपूर रस्त्यावरून आत वळल्यावर शिवनाथ नदीच्या दोन धारांमध्ये असलेले मदकू द्वीप त्याला म्हणूनच प्रिय आहे. तेथील उत्खननात लहान लहान मंदिरांची जी रांग उघडी पडली ती पाहून इतर लोक शिल्पांविषयी बोलतात, तर मोजणीदार ‘बघा, कशी ओळीने उभी आहेत’ असे आपल्या तुकडीला सुनावतो.

या कलेचा परमोत्कर्ष मात्र गृहस्थांच्या सहलीत आढळत नाही, तो राजकारणात आढळतो. महाराष्ट्रातील वाचकांना जून २०२२ मधील शिवसेनेच्या बंडखोर आमदारांची सुरत, गुवाहाटी, गोवा ही सहल आणि तीतील झाडी, डोंगर व ‘हाटील’ यांचे फोनवरून झालेले वर्णन आठवत असेल. त्याच महिन्यात राज्यसभेच्या निवडणुकीआधी हरियाणातील काँग्रेसचे आमदार नवा रायपूरच्या तलावाकाठच्या मेफेअर लेक रिसॉर्टमध्ये मुक्कामाला होते. ऑगस्टमध्ये झारखंडच्या सत्ताधारी आघाडीचे आमदार आधी बसमधून खुंटी जिल्ह्यातील लतरातू धरणावर गेले आणि ३० ऑगस्टला विमानाने रायपूरला येऊन त्याच तलावाकाठी उतरले. ‘रिसॉर्टचे राजकारण’ म्हणजे सहकाऱ्यांची संख्या मतदानाच्या दिवसापर्यंत घटू न देण्यासाठी त्यांना रम्य स्थळी एकत्र ठेवणे. यात तळे, जेवण, पत्ते आणि मोजणीदार हे सारे घटक जसेच्या तसे असतात, फक्त काँट्री कोण भरतो ते कळत नाही. फळ मात्र सारखे मिळत नाही. झारखंडच्या सरकारने ५ सप्टेंबरला ८१ जणांच्या सभागृहात ४८ मते मिळवून विश्वासदर्शक ठराव जिंकला. हरियाणात मात्र पक्षाच्या एका आमदाराने विरोधात मत दिले, एक मत बाद ठरले, आणि पक्षाचे उमेदवार अजय माकन हरले. रायपूरचा घरगुती मोजणीदार या दुसऱ्या उदाहरणावर फार वेळ बोलतो. त्याच्या मते हरियाणाच्या मंडळींना अभनपूरला उतरवून एकदा मोजायला हवे होते.

परतीच्या वाटेवर स्नेहाचा कस लागतो. छत्तीसगडात ‘मितान बदणे’ नावाची एक जुनी रीत आहे, जीत दोन माणसे देवाधर्माच्या साक्षीने मैत्री बांधतात आणि ती नात्याप्रमाणे जन्मभर, घराण्यासकट पाळली जाते. सहलीतली मैत्रीही धमतरीपर्यंत याच तोडीची असते; अंताक्षरी होते, हाऊजीत लागलेले पन्नास रुपये सर्वांना आइस्क्रीम म्हणून परत वाटले जातात, आणि दर महिन्याला भेटायचेच असे ठरते. कुरूद मागे पडल्यावर मोजणीदार वही उघडतो. मग भाची अर्धी धरायची की पूर्ण, ज्यांनी मासे खाल्ले नाहीत त्यांनी माशांचे पैसे का द्यावे, आणि चिवडा घरून आणणाऱ्या काकूंना त्याची वजावट मिळणार का, असे प्रश्न निघतात व अभनपूर येईतो गाडीत शांतता पसरते.

या शांततेत शेवटची मोजणी होते आणि ती दरवेळी एकाने कमी भरते. विद्यारण्यांच्या पंचदशीत दहा जणांचा दृष्टान्त आहे: नदी ओलांडून आलेले दहा जण एकमेकांना मोजतात, मोजणारा प्रत्येक जण स्वतःला सोडून देतो, नऊच भरतात, आणि दहावा बुडाला म्हणून सगळे रडत बसतात, वाटेने जाणारा एक भला माणूस ‘तो दहावा तूच’ असे सांगून त्यांचा भ्रम दूर करतो. वेदान्त्यांनी या गोष्टीतून आत्मज्ञान काढले. रायपूरच्या मोजणीदाराला ते ज्ञान धमतरी रस्त्यावर, रात्री साडेनऊला, आरशातून पाहणाऱ्या ड्रायव्हरकडून मिळते. ‘साहेब, अपनो ला गिन लव न,’ म्हणजे स्वतःलाही मोजून घ्या, असे तो छत्तीसगडीत म्हणतो, आणि गाडी हसते. मोजणीदार हसत नाही. तो वही उघडतो, यादीच्या तळाशी आपले नाव लिहितो, आणि त्यापुढे काँट्री भरल्याची खूण करण्यापूर्वी आपण ती भरली होती का, हे आठवत बसतो.

डिसेंबरच्या सहलीची यादी सध्या सुरू आहे. दोन जागा शिल्लक आहेत, दोन्ही मागच्या बाकावरच्या. इच्छुक वाचकांनी पैसे शुक्रवारच्या आत भरावेत. ‘बघतो’ हे उत्तर होकार म्हणून धरले जाणार नाही.