पेढ्याला अपील नाही

फाशी देताना सरकार जनतेच्या सोयीचा काडीचाही विचार करत नाही, अशी आमच्या सोलापुरातल्या पेठेतल्या मंडळाची जुनी तक्रार आहे. २१ नोव्हेंबर २०१२ चंच घ्या. कसाबला येरवड्यात सकाळी साडेसातला लटकवलं आणि देशाला सांगितलं नंतर. तेव्हा सोलापुरातले मिठाईवाले शटर वर करत होते. ताजा पेढा आणायचा कुठून? बरं, दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता, म्हणून उरलेले फटाके तरी माळ्यावर सापडले. पुढे २० मार्च २०२० ला निर्भयाच्या चार गुन्हेगारांना तिहारमध्ये फाशी दिली ती पहाटे साडेपाचला. त्या वेळी सोलापुरात जागं कोण असतं? चार-पाच दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्याची वाट बघणारी बाईमाणसं. त्यांनी घागर भरायची की घोषणा द्यायची?

म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरवलं आणि मसुदा आमच्या गळ्यात मारला. मागण्या साध्या आहेत. फाशीची सूचना किमान चोवीस तास आधी द्यावी. शक्यतो रविवार धरावा. डिजिटल फलकाची फी माफ व्हावी आणि डीजेला रात्री दहाची अट लावू नये. फलकाचं डिझाइन तयारच आहे. मध्यभागी फासाचा दोर, दोन्ही बाजूंना अण्णा आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो. दोरात कोणाचं तोंड घालायचं तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

आम्ही दबकत विचारलं, "अण्णा, माणूस मेल्यावर पेढे वाटणं बरं दिसतं का?"

"सर, तुमी लईच खोलात जाताव," अण्णा म्हणाले. "वाईट मेलं की गोड खायचं, हे आपल्या शास्त्रातच हाय की."

यावर बोलायची सोय नव्हती, कारण शास्त्र खरंच अण्णांच्या बाजूचं आहे. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून आंघोळ झाली की आपण डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मग फराळावर बसतो. एका दुष्टाच्या मरणाचा वर्धापनदिन एवढ्या नेमानं साजरा करणारे लोक आपणच. फक्त एक बारीक तांत्रिक अडचण आहे. कथेप्रमाणे माझ्या मरणाचा लोकांनी सण करावा, हा वर नरकासुरानं स्वतः मागून घेतला होता. म्हणजे रीतसर पूर्वसंमती होती. त्याच्यानंतर एकाही गुन्हेगारानं अशी संमती दिल्याचं आमच्या वाचनात नाही.

शास्त्रात पुढची पानंही आहेत, पण ती मंडळाच्या प्रतीत चिकटलेली निघाली. रावण पडल्यावर रामानं बिभीषणाला सांगितलं की वैर मरणापाशी संपलं, आता याचे अंत्यसंस्कार कर. अफझलखानाचा कोथळा काढणाऱ्या महाराजांच्या प्रतापगडाखाली खानाची कबरही आहे.

"ते महाराज होते," अण्णा म्हणाले. "आपण कार्यकर्ते हाव."

हा खुलासा आम्हाला पटला. कार्यकर्त्यांचं शास्त्र वेगळंच असतं. २३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. खटला उभा राहायचा होता. बदलापुरात फटाके फुटले, पेढे वाटले गेले आणि मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले. सूड उगवला तर उगवला, वर गावाच्या नावावर कोटीही साधली. पुढे दफनाला जागा मिळेना. शेवटी उल्हासनगरात पोलीस बंदोबस्तात माती द्यावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकारी चौकशीच्या अहवालानं त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तोवर पेढ्यांचे रिकामे बॉक्स कचऱ्याच्या गाडीतून डेपोवर पोहोचले होते.

हैदराबादची गोष्ट तर आमच्या पूर्व भागाला जवळची, तिथली सोयरीक तेलंगणातली. ६ डिसेंबर २०१९ ला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातल्या चार संशयितांना पोलिसांनी चकमकीत मारलं आणि लोकांनी पुलावरून पोलिसांवर पाकळ्या उधळल्या. सर्वोच्च न्यायालयानं चौकशीला निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकरांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये आयोगाचा निष्कर्ष आला की गोळ्या मारण्याच्या हेतूनंच झाडल्या होत्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. झेंडूची पाकळी एकदा पोलिसाच्या टोपीवर पडली की तिला पुनर्विलोकन नाही.

हे झालं गोळीचं. कोर्टातून रीतसर आलेल्या फाशीला तरी पेढा चालेल की, असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी नाशिकचा खटला सांगतो. २००३ मध्ये तिथं एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा वाढवून सहाही जणांची फाशी कायम केली. पेढ्यांची ऑर्डर द्यायला याहून पक्का मुहूर्त कोणता? आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंमधून ओळखले होते ते दुसरेच चौघे, आणि त्यांचा तपास कोणी केलाच नव्हता. सोळा वर्षं तुरुंगात गेली. भरपाई प्रत्येकी ५ लाख.

भटक्यांना चोर ठरवायला पुरावा लागत नाही, हे सोलापूरला वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट याच गावात होती.

इथवर ऐकून अण्णांनी घड्याळ बघितलं. त्यांना चार पुतळ्याला जायचं होतं, १२ जानेवारीच्या तयारीच्या बैठकीला. आणि आमच्या निवेदनाची गाडी तिथंच रुतली.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, चिडलेल्या जमावानं मंगळवार पेठेतली पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं. दोन पोलीस ठार झाले. इंग्रज अंमलदार गाव सोडून गेले आणि काही दिवस सोलापूर सोलापूरकरांनीच चालवलं. महापालिकेला हे नंतर कधी जमलं नाही. १२ मेला मार्शल लॉ आला, तो ३० जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घालणं हा गुन्हा झाला. त्या दोन पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांना धरलं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. धनशेट्टी तर जमाव आवरायला पुढे झाले होते, असं सोलापूर आजही सांगतं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सर्वपक्षीय बैठकीत जे जमत नाही ते फासाच्या दोरानं जमवलं. १२ जानेवारी १९३१ ला चौघेही येरवड्यात फाशी गेले.

येरवडा, म्हणजे कसाबचंच. आरोपपत्र होतं, साक्षीदार होते, न्यायाधीश होते, अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. कागदात कुठं खोट नव्हती. सरकारी साक्षीवर विश्वास ठेवणारा एखादा गृहस्थ त्या दिवशी खुशीत पेढा खाऊ शकला असता आणि त्याला आपण न्यायाच्याच बाजूचे आहोत असंच वाटलं असतं. आपण त्या चौघांचे पुतळे उभारले. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीत त्यांना हार घालतो.

"ते वेगळं हो सर," अण्णा म्हणाले. "ते निर्दोष होते."

"हे १९३१ मध्ये कसं कळलं असतं, अण्णा?"

अण्णांनी कार्यकर्त्याकडं बघितलं. कार्यकर्त्यानं फोनकडं.

कसाब आणि आमचे हुतात्मे एका तागडीत घालायला आम्ही वेडे नाही. कसाबला सीएसएमटीवर बंदूक चालवताना कॅमेऱ्यानं पाहिलं होतं. त्याच येरवड्यात २७ नोव्हेंबर १९८३ ला जोशी-अभ्यंकर खून खटल्यातले चौघेही फासावर गेले. त्यांच्या काळात पुण्यातली घरं दिवेलागणीला कड्या लावून बसायची. त्या पुणेकरांनी फाशीची बातमी वाचून मोकळा श्वास सोडला असेल, तर त्यांना बोल लावायची आमची प्राज्ञा नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी काय वाटून घ्यावं, हे तर कोणीच शिकवू नये. पण त्यांच्या दारात कोणी फटाक्यांची माळ लावली नव्हती, ती चौकात लागते. गुन्ह्याशी, निकालाशी आणि दुःखाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, तेच तिथं सगळ्यात उंच उड्या मारतात. खटला चालू असताना साक्षीदाराला कोर्टात पोहोचवायला यातला एकही जण मोटरसायकल बाहेर काढत नाही.

फाशीचा हुकूम लिहिल्यावर न्यायाधीश पेनची निब मोडतात, असा आपल्याकडं जुना रिवाज आहे. सगळा पुरावा वाचून, दोन्ही बाजू ऐकून निकाल दिलेल्या माणसालाही ते पेन पुन्हा हातात धरवत नाही. ज्यानं एकही कागद वाचलेला नाही, तो दुसरा पेढा मागतो.

तरी आम्ही दिलेला शब्द पाळला आणि मसुदा पूर्ण केला. शेवटी फक्त एक कलम आमच्याकडून घातलं: ज्याच्या मरणावर पेढे वाटले तो पुढे निर्दोष ठरला, तर मंडळानं तेवढेच बॉक्स घेऊन त्याच्या आईच्या दारात जावं आणि फलकावरच्या सगळ्यांनी फोटोसकट हजर राहावं. अण्णांनी ते कलम दोनदा वाचलं, कार्यकर्त्यालाही वाचायला लावलं. मग "कमिटीपुढं ठेवतो" म्हणाले. कमिटीची बैठक काही अजून लागलेली नाही.

तोवर वाचकांना एवढीच विनंती, की पुढच्या फाशीला आमच्या वाटचा पेढा काढून ठेवू नका. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, असं आम्ही अण्णांना सांगितलं आहे. ते खोटं आहे.