धार

अकरावीत सरांनी फळ्यावर विकलजाची खूण म्हणून डी वाय बाय डी एक्स लिहिलं, तेव्हा मी वरचा आणि खालचा डी खोडून वाय छेद एक्स असं सुटसुटीत उत्तर काढलं. सरांनी माझी वही अख्ख्या वर्गाला दाखवली. बोदवड गाव केवढंसं! संध्याकाळी दळण आणायला गेलो तर गिरणीवाला म्हणाला, "का भो, डी खोडले म्हणे?"

पण माझं खरं दुखणं होतं तो एच. एक्स वर्गाचा तीनपाशी विकलज काढायचा. तीनचा वर्ग नऊ. तीनात इवलासा एच मिळवून वर्ग करायचा, त्यातून नऊ वजा करायचे. उरतात सहा एच अधिक एच वर्ग. त्याला एचने भागलं की सहा अधिक एच. इथपर्यंत एच शून्य नाही अशी शपथ, कारण शून्याने भागता येत नाही. भागून झालं रे झालं की म्हणायचं, एच शून्याकडे चालला, सबब उत्तर सहा. म्हणजे भागाकारापुरता जावईबापू, पुढे ओळख नाही! बरं, शून्यावर पोचला म्हणावं तर तेही नाही. आमचे मलकापूरचे काका तासभर "निघालोच" म्हणतात, तसा हा कायम निघालेला.

मे महिन्यात उलगडा झाला, तो अंगणात. आमच्याकडे तेव्हा नळाला रोज पाणी नसे; येई तेही पहाटे. नळी दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात सोडलेली. मी आत डोकावून जाहीर केलं, "अर्धा भरला!" आई ड्रमाकडे बघतच नव्हती.

"ड्रम काय पाहू राहिला? धार पाह्य. बारीक होऊ राहिली. पहिले पिण्याचा हंडा लाव!"

ड्रमातलं पाणी तर वाढतच होतं. तरी हंडा गळ्यापर्यंत आला न आला तोच नळाने फुस्स केलं. ड्रम अर्धाच राहिला, धार शून्य. ड्रम म्हणजे फल, किती झालं ते, आणि धार म्हणजे विकलज, किती वेगाने होतंय ते; हे पुस्तकाने पन्नास पानांत सांगितलं नव्हतं. एचही तिथेच सापडला. थोडा वेळ बघितल्याशिवाय धार कळत नाही, आणि फार वेळ बघत बसलं तर तेवढ्यात तीच बदलते. म्हणून तो वेळ शून्य नको, पण कमी कमी करत न्यायला हवा.

आम्ही हे सगळं कलन न्यूटन आणि लायब्निझच्या नावावर पाठ केलं. आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शके 1128 चा, म्हणजे 1207 सालचा शिलालेख आहे, हे मला फार उशिरा कळलं. मठाला बाजारातून काय काय द्यायचं, तेही त्यात बोलीभाषेत कोरलंय. त्या आजोबांनी 1150 साली सिद्धांतशिरोमणीत ग्रहांची तात्कालिक गती सांगितली. चंद्राचा वेग क्षणोक्षणी बदलतो, त्याला दिवसभराची सरासरी पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आईचंही नळाबद्दल हेच मत.

तिला ही हकिगत सांगितली तर तिने एवढंच विचारलं, "मठात पाणी कुठून येई?"

तिथल्याच पाटणादेवीच्या डोंगरात धवलतीर्थाचा धबधबा आहे. पावसाळ्यात जा, पुढे धार बारीक होते.